नोव्हेंबरातला मे

तीन कंद, दोन पानं. ओल्या मोज्यात गुंडाळून
मी हिला पोटाशी धरून आणलं.
कोल्चानेच्या थंडीत आमच्यातल्या कुणाचाच भरवसा नव्हता,
हिचा तर मुळीच नाही.
लोस तेकेसला, आईच्या अंगणातल्या झाडावर
ही आपली आपण फुलायची, मे लागला की.
कसं, ते कुणी कधी विचारलं नाही.
न मागता मिळतं त्याची कृती कोण लिहून ठेवतं?

सान्तियागोत, सोळाव्या मजल्यावर,
पाच वर्षं नुसती पानं.
गर्द, तुकतुकीत, काळपट हिरवी.
येणारे-जाणारे म्हणत, काय जोपासलंयस, नेरेइदा!
मीही फुशारकीनं ती फडक्यानं पुसायचे.

मग एकदा लिफ्ट बंद पडली
आणि ओस्वाल्दो किलोद्रान धापा टाकत माझ्या दाराशी टेकले.
एके काळी कुणाच्याशा काचघरात
रात्रपाळीला शेगडी सांभाळायचे.
पाणी प्यायले, पान चिमटीत धरलं, म्हणाले,
"ही उपाशी आहे.
पोट भरलेलं पान असं काळं नसतं.
कच्च्या सफरचंदासारखं हवं, जरा पिवळट, जरा उर्मट."

खिडकी बदलली.
इथे ऊन उत्तरेकडून येतं
हे पाच वर्षं मला ठाऊक होतं, आणि नव्हतंही.
पातळ पडद्याआड ठेवलं. दुपारी पान गालाला लावायचं,
तापलं असेल तर कुंडी हातभर मागे.
पाणी वार बघून नाही, कुंडी उचलून:
महिनाअखेरच्या पाकिटासारखी हलकी लागली की मगच,
पण मग हात आखडायचा नाही.
साल कुजली होती. तीही बदलायची,
पण नवं मूळ डोकावल्यावरच.
तोवर कात्री मांडीवर ठेवून गप्प बसायचं.
हेच मला जमत नव्हतं.

जानेवारीत कोंब आला. एप्रिलपर्यंत बाळसं धरलेला कंद,
माथ्यावर हिरवं म्यान.
उजेडासमोर धरून बघितलं: आत काही नाही.
ऑगस्टमध्ये तेही वाळून कागद झालं.

"आणि रात्री?" ओस्वाल्दोंनी विचारलं.

रात्री मी शिवते.
लोकांच्या पँटी आखूड करते, दोन-दोन वाजेपर्यंत,
आणि त्यानंतरही दिवा मालवत नाही.
आईचा फोन अंधारात आला होता,
म्हणजे आईबद्दलचा.
तेव्हापासून या खोलीत मी अंधार पडू दिलेला नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
ते कुंडीकडेच बघत होते.
"हिला रात्र लागते. सलग. मधे डोळा न उघडणारी.
दिवा असला की तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे,
फुलायची काय घाई."

आधी खोकं उपडं घातलं तिच्यावर.
आठवडाभर.
मग त्या खोक्याकडे बघवेना.

पुढच्या मे महिन्यात, इथल्या हिवाळ्याच्या तोंडाशी,
सहा वाजता दिवा मालवला.
शिवण पहाटेवर टाकली, दोन गिऱ्हाइकं गेली.
पहिल्या रात्री भिंत चाचपत बसले.
दहाव्या रात्री लक्षात आलं, फ्रिज मधूनच गुणगुणतो.
चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या रात्री
रडले एकदाची, चांगली हुंदके देऊन,
आणि झोपले, तिच्याच शेजारी, जमिनीवर.

सप्टेंबरात म्यानात सावली दिसली, तांदळाएवढी.
मग दोन.
कुंडी फिरवली नाही, खिडकी सोडली नाही,
मी स्वतःसुद्धा त्या बाजूनं जपून चालायचे.

तीन नोव्हेंबर. पहाटे यंत्र सुरू करायला उठले
तर वास आधी, फूल नंतर.
फिकट जांभळं, ओठाला झालर, गळ्यात हळद.
आईच्या अंगणातलंच,
फक्त सहा महिने उशिरा. की लवकर?
हिनं केव्हा मोजून टाकलं होतं आपण कुठे आहोत ते.

ओस्वाल्दो आले. लिफ्ट चालू असताना.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग म्हणाले, दोनच?
आणि खुर्ची ओढून बसले.